ले-ऑफनंतर नवीन नोकरी कशी शोधायची? पहिल्या दिवसापासून ऑफर लेटरपर्यंत फोनवरून करायची सगळी कामं

ले-ऑफ हा शब्द आता हिंजवडीपासून बंगळुरूपर्यंत सगळ्यांच्याच ओळखीचा झालाय. जुलै २०२५ मध्ये टीसीएससारख्या मोठ्या कंपनीनेही जगभरातल्या आपल्या कर्मचाऱ्यांपैकी सुमारे २ टक्के, म्हणजे १२ हजारांच्या आसपास लोक कमी करणार असल्याचं जाहीर केलं. स्टार्टअप्समध्ये तर २०२२ पासूनच अशा बातम्या येत आहेत. त्यामुळे चांगलं काम करणाऱ्यावरही ही वेळ येऊ शकते.

नोकरी गेली की बहुतेक जण लगेच जॉब साइट उघडतात आणि दिसेल तिथे अप्लाय करत सुटतात. पण इथे क्रम महत्त्वाचा आहे: आधी कागदपत्रं, मग पैशांचा हिशोब आणि मग नोकरीचा शोध. कारण कंपनीचा ईमेल बंद झाला की साधी पगाराची स्लिप मिळवायलाही एचआरच्या मागे लागावं लागतं आणि पुढची ऑफर नेमकी त्याच स्लिपसाठी अडू शकते. यातली जवळजवळ सगळी कामं फोनवरून होतात. ती कशी करायची ते या लेखात क्रमाने बघूया.

ले-ऑफ म्हणजे नेमकं काय?

कंपनीने खर्च कमी करण्यासाठी, एखादा प्रोजेक्ट किंवा विभाग बंद झाल्यामुळे कर्मचाऱ्यांना कमी केलं, तर त्याला आपण बोलताना ले-ऑफ म्हणतो. यात कर्मचाऱ्याची चूक असतेच असं नाही. गैरवर्तन किंवा कामात कमी पडल्यामुळे काढणं वेगळं आणि स्वतःहून राजीनामा देणं वेगळं.

हा फरक कागदावर कसा लिहिला जातो याकडे लक्ष द्या. अनेक ठिकाणी एचआर सांगतं, "तुम्हीच राजीनामा द्या, म्हणजे रेकॉर्ड चांगलं राहील." कधी यात खरंच सोय असते, तर कधी नोटीसचा पगार किंवा भरपाई टाळायचा हेतू असतो. म्हणून राजीनाम्याचं बटण दाबण्याआधी या गोष्टी ईमेलवर लिहून मागा:

- शेवटचा दिवस कोणता?
- नोटीस पिरियडचा पगार मिळणार का आणि किती?
- उरलेल्या रजांचे पैसे, बोनस किंवा इन्सेंटिव्ह मिळणार का?
- रिलीव्हिंग लेटर आणि एक्स्पिरियन्स लेटर कधी मिळेल?
- ग्रुप हेल्थ इन्शुरन्स कोणत्या तारखेपर्यंत चालू राहील?

तोंडी आश्वासनाला नंतर काहीच आधार राहत नाही. मीटिंगमध्येच सही करायचा आग्रह झाला, तर "वाचून उद्या सांगतो" किंवा "सांगते" एवढं म्हणायला हरकत नाही.

पायरी १: ॲक्सेस जाण्याआधी काय सेव्ह करायचं?

काही कंपन्या कळवल्यानंतर तासाभरातच लॉगिन बंद करतात. त्यामुळे हे काम सगळ्यात आधी करा.

तुमची स्वतःची कागदपत्रं डाउनलोड करा:

1. ऑफर लेटर, अपॉइंटमेंट लेटर आणि पगारवाढीची सगळी पत्रं
2. पगाराच्या स्लिप, नवीन कंपनी साधारण शेवटच्या ३ महिन्यांच्या मागते, पण वर्षभराच्या घेऊन ठेवा
3. फॉर्म १६, जितक्या वर्षांचे पोर्टलवर असतील तितके
4. अप्रेजल आणि कौतुकाचे ईमेल, त्यात क्लायंटची गोपनीय माहिती नसेल तर
5. यूएएन, पीएफचा मेंबर आयडी आणि ईएसआय नंबर असेल तर तो
6. एचआर आणि मॅनेजर यांचे संपर्क

एक पथ्य मात्र पाळा. कंपनीचा कोड, क्लायंटची यादी, एक्सेल रिपोर्ट असं काही स्वतःच्या ड्राइव्हवर टाकू नका. "हे मीच बनवलंय" असं वाटलं तरी ती मालकी कंपनीची असते आणि त्यावरून पुढची सेटलमेंट अडकू शकते. किती लोकांची टीम होती, कामाचा वेळ किती टक्के कमी केला, असे गोपनीय नसलेले आकडे तेवढे आठवणीने लिहून ठेवा. सीव्हीमध्ये तेच उपयोगी पडतात.

कंपनीचा नंबर आणि ईमेल कुठे कुठे जोडलाय?

कंपनीने सिम दिलं असेल, तर ते परत करण्याआधी तो नंबर कुठे रजिस्टर आहे ते तपासा. आधार, बँक, पॅन, यूएएन किंवा डिजिलॉकरला तो जोडलेला असेल, तर सिम गेल्यावर ओटीपी दुसऱ्याच्या हातात जाईल आणि तुमचं खातं तुम्हालाच उघडता येणार नाही. आधारचा नंबर बदलायला आधार केंद्रावर जावं लागू शकतं, म्हणून ते काम पहिल्याच आठवड्यात उरका.

लिंक्डइन, नोकरी डॉट कॉम, गिटहब अशा खात्यांना ऑफिसचा ईमेल असेल, तर तिथे पर्सनल ईमेल प्रायमरी करा. ऑफिसच्या क्रोम प्रोफाइलमध्ये स्वतःचे पासवर्ड सेव्ह असतील तर ते हलवा.

अँड्रॉइड फोनवर ऑफिसची ॲप्स छोट्या ब्रीफकेसच्या चिन्हासह दिसतात का? मग तुमच्या फोनवर वर्क प्रोफाइल आहे. कंपनी ते लांबूनच पुसू शकते. तुमचे पर्सनल फोटो त्यात जात नाहीत, पण वर्क प्रोफाइलमध्ये सेव्ह केलेले संपर्क आणि फाइल्स जातात.

मार्कशीट, डिग्री, पॅन, लायसन्स ही कागदपत्रं डिजिलॉकरमध्ये मिळत असतील तर तिथे घेऊन ठेवा. बाकीच्यांचा ड्राइव्हवर एक फोल्डर करा आणि फाइलला नीट नाव द्या. "स्कॅन ००२३" या नावाची फाइल ऐनवेळी सापडत नाही.

पायरी २: कंपनीकडून किती पैसे येणार?

शेवटच्या हिशोबाला फुल अँड फायनल सेटलमेंट म्हणतात. त्यात साधारणपणे हे येतं:

- शेवटच्या दिवसापर्यंतचा पगार
- नोटीस न देता काढलं असेल तर करारात लिहिलेला नोटीसचा पगार
- शिल्लक रजांचे पैसे, कंपनीच्या नियमाप्रमाणे
- ग्रॅच्युइटी
- जाहीर केली असेल तर सेव्हरन्सची रक्कम

२१ नोव्हेंबर २०२५ पासून देशात नव्या कामगार संहिता लागू झाल्या. त्यातल्या वेतन संहितेनुसार नोकरीवरून काढलं, कपात केली किंवा राजीनामा दिला, तरी देय वेतन २ कामकाजाच्या दिवसांत द्यावं लागतं. "४५ दिवसांनी बघू" असं उत्तर मिळालं तर हा नियम ईमेलमध्ये नम्रपणे लिहा.

ग्रॅच्युइटीसाठी सर्वसाधारणपणे सलग ५ वर्षांची नोकरी लागते. फिक्स्ड टर्म करारावर असणाऱ्यांना नव्या संहितेनुसार १ वर्षानंतरही ती मिळू शकते. कायद्याच्या व्याख्येत 'कामगार' म्हणून बसणाऱ्यांना कपातीची भरपाई मिळते. ती पूर्ण झालेल्या प्रत्येक वर्षाला १५ दिवसांच्या सरासरी पगाराइतकी असते. व्यवस्थापकीय पदावरचे लोक या व्याख्येत येत नाहीत. पैसे अडवून ठेवले असतील तर तुमच्या भागातल्या कामगार आयुक्त कार्यालयात लेखी तक्रार करता येते.

हेल्थ इन्शुरन्स विसरू नका. कंपनीची ग्रुप पॉलिसी बहुतेक वेळा शेवटच्या दिवशीच संपते. घरात आईवडील त्याच पॉलिसीवर असतील तर विषय गंभीर आहे. ग्रुप पॉलिसीतून त्याच विमा कंपनीच्या वैयक्तिक पॉलिसीत जाण्याची सोय असते आणि तसं केल्यास आधी पूर्ण केलेला वेटिंग पिरियड धरला जातो. एचआरकडून विमा कंपनीचा संपर्क घ्या आणि शेवटच्या दिवसाआधीच विचारा.

पगार २१ हजारांपर्यंत असेल आणि ईएसआय कापला जात असेल, तर अटल बीमित व्यक्ती कल्याण योजनेची माहिती घ्या. यात नोकरी गेलेल्या विमाधारकाला सरासरी पगाराच्या ५० टक्के रक्कम जास्तीत जास्त ९० दिवस मिळते. योजनेला वेळोवेळी मुदतवाढ दिली जाते, त्यामुळे अर्ज करण्याआधी ईएसआयसीच्या पोर्टलवर सध्याची मुदत आणि अटी बघून घ्या.

पायरी ३: पीएफ काढायचा की ठेवायचा?

आधी बॅलन्स बघा. उमंग ॲपमध्ये ईपीएफओ शोधा, यूएएन टाका आणि पासबुक उघडा. यूएएनला जोडलेल्या नंबरवरून ९९६६०४४४२५ वर मिस्ड कॉल दिला तरी मेसेजमध्ये शिल्लक कळते.

आता एक तारीख तपासायची आहे. ईपीएफओच्या मेंबर पोर्टलवर 'व्ह्यू'मध्ये 'सर्व्हिस हिस्ट्री' आहे. तिथे जुन्या कंपनीपुढे नोकरी सोडल्याची तारीख, म्हणजे डेट ऑफ एक्झिट, भरलेली आहे का बघा. ती रिकामी असेल तर पीएफचा क्लेम अडतो. शिवाय नवीन कंपनीच्या बॅकग्राउंड व्हेरिफिकेशनमध्ये तुम्ही एकाच वेळी दोन ठिकाणी नोकरी करताय असं दिसू शकतं. कंपनीने तारीख भरली नाही, तर शेवटचं योगदान जमा झाल्यानंतर २ महिन्यांनी तुम्ही स्वतः 'मॅनेज'मधल्या 'मार्क एक्झिट' पर्यायातून ती भरू शकता. त्यासाठी आधारला जोडलेला मोबाइल चालू हवा. काही अडलं तर ईपीएफआयजीएमएस या तक्रार पोर्टलवर नोंद करा.

पैसे काढण्याचे नियम बदलत आहेत. आधी नोकरी गेल्यावर १ महिन्याने ७५ टक्के आणि २ महिन्यांनी उरलेली रक्कम काढता यायची. ऑक्टोबर २०२५ मध्ये ईपीएफओच्या केंद्रीय विश्वस्त मंडळाने ७५ टक्के रक्कम लगेच आणि उरलेली १२ महिन्यांनंतर द्यायचं ठरवलं. म्हणून जुने यूट्यूब व्हिडिओ बघून हिशोब मांडू नका. क्लेम करताना पोर्टलवर जो पर्याय आणि नियम दिसतो तोच खरा.

आणि मुळात गरज नसेल तर काढूच नका. याची कारणं सरळ आहेत:

- पीएफवर २०२४-२५ साठी ८.२५ टक्के व्याज होतं आणि नोकरी सुटल्यावरही तरुण सभासदाच्या खात्यावर व्याज जमा होत राहतं.
- ५ वर्षं पूर्ण होण्याआधी ५० हजार किंवा त्याहून जास्त रक्कम काढली, तर पॅन असतानाही १० टक्के टीडीएस कापला जाऊ शकतो.
- पेन्शनसाठी १० वर्षांची नोकरी मोजली जाते. फॉर्म १०-सी भरून पेन्शनचे पैसे काढले की तोपर्यंतची वर्षं त्यातून जातात.

नवीन कंपनीत तोच यूएएन द्या आणि जुना पीएफ ट्रान्सफर करा.

पायरी ४: सीव्ही

मोठ्या कंपन्यांमध्ये तुमचा सीव्ही आधी एटीएस नावाच्या सॉफ्टवेअरमध्ये जातो. ते मजकूर वाचून त्यातली स्किल्स, पदं आणि वर्षं वेगळी करतं. रंगीत दोन कॉलमचा, आयकॉन आणि पट्ट्या असलेला सीव्ही सॉफ्टवेअरला नीट वाचता येईलच असं नाही. म्हणून हे करा:

1. फोनवरच्या गुगल डॉक्समध्ये साधा, एका कॉलमचा सीव्ही बनवा आणि पीडीएफ काढा. स्क्रीनशॉटचा पीडीएफ नको. पीडीएफमधला मजकूर बोट दाबून सिलेक्ट होतो का तपासा.
2. ५ वर्षांपर्यंत अनुभव असेल तर एक पान पुरतं.
3. जाहिरातीत जो शब्द आहे तोच वापरा, अर्थात ते काम खरंच येत असेल तरच.
4. "कामाची जबाबदारी होती" यापेक्षा काय केलं ते लिहा. "ग्राहकांच्या तक्रारी हाताळल्या" यापेक्षा "रोज ४० तक्रारी हाताळल्या, ८ जणांच्या नव्या बॅचला ट्रेनिंग दिलं" हे वजनदार आहे.
5. फाइलचं नाव तुमचं नाव आणि पद असं ठेवा.
6. शेवटची तारीख खरी लिहा. "आजपर्यंत" असं खोटं लिहिलं तर पीएफच्या सर्व्हिस हिस्ट्रीत पकडलं जातं.

एआय चॅटबॉटकडून भाषा सुधारून घ्यायला हरकत नाही, पण त्याने घातलेलं प्रत्येक वाक्य तुम्हाला इंटरव्ह्यूमध्ये समजावून सांगता आलं पाहिजे. आधार नंबर, बँकेची माहिती किंवा जुन्या कंपनीचा डेटा त्यात टाकू नका.

पायरी ५: जॉब ॲप्सची योग्य सेटिंग्ज

नोकरी डॉट कॉम: रिक्रूटर उमेदवार शोधताना "अलीकडे ॲक्टिव्ह", "नोटीस पिरियड" असे फिल्टर लावतात. नोटीस पिरियडमध्ये '१५ दिवस किंवा कमी' निवडा. लगेच जॉइन होऊ शकणारा उमेदवार ही तुमची सध्याची सगळ्यात मोठी जमेची बाजू आहे. हेडलाइनमध्ये पद, मुख्य स्किल आणि वर्षं लिहा आणि दर काही दिवसांनी प्रोफाइल उघडून काहीतरी खरंखुरं अपडेट करा.

लिंक्डइन: 'ओपन टू वर्क' चालू करताना दोन पर्याय येतात. 'ऑल लिंक्डइन मेंबर्स' निवडलं की फोटोभोवती हिरवी पट्टी येते. 'रिक्रूटर्स ओन्ली' निवडलं तर फक्त रिक्रूटरना कळतं. नोकरी आधीच गेली असेल तर लपवण्यासारखं काही उरत नाही, त्यामुळे जुन्या ओळखीच्यांना कळावं म्हणून पहिला पर्याय चालतो.

इतर ठिकाणं: इनडीड, फाउंडइट, सेल्स, डिलिव्हरी, ऑफिस कामांसाठी अपना आणि वर्कइंडिया. सरकारी बाजूने केंद्राचं नॅशनल करिअर सर्व्हिस पोर्टल आणि महाराष्ट्राचं महास्वयम. महास्वयमवर नोंदणी मोफत आहे आणि तुमच्या जिल्ह्यातल्या पंडित दीनदयाळ उपाध्याय रोजगार मेळाव्यांची माहिती तिथे मिळते. सातारा, जळगाव, लातूर अशा ठिकाणी स्थानिक कारखाने आणि बँका या मेळाव्यांतून माणसं घेतात. गावाकडे परत गेला असाल तर हे जरूर बघा.

पायरी ६: ओळखीतून नोकरी, पण विचारायचं कसं?

बऱ्याच कंपन्यांमध्ये कर्मचाऱ्याने सुचवलेल्या उमेदवाराचा सीव्ही आधी बघितला जातो आणि सुचवणाऱ्याला बोनसही मिळतो. त्यामुळे रेफरल मागणं म्हणजे उपकार मागणं नाही. फक्त "कुठे काही असेल तर सांगा" असा मेसेज पाठवू नका. त्यावर समोरच्याने काय करायचं हेच त्याला कळत नाही. असा मेसेज जास्त उपयोगी पडतो:

"नमस्कार सर, मी आपल्या जुन्या टीममध्ये टेस्टिंगला होतो. आमचा प्रोजेक्ट बंद झाल्यामुळे मागच्या महिन्यात ले-ऑफ झाला. तुमच्या कंपनीच्या साइटवर क्यूए इंजिनिअरची जागा दिसली, जॉब आयडी खाली देतोय. ४ वर्षांचा अनुभव आहे, लगेच जॉइन होऊ शकतो. सीव्ही जोडला आहे. रेफर करता आलं तर बरं होईल, नाही जमलं तरी काही हरकत नाही."

यात कोणती जागा, किती अनुभव आणि काय करायचं, हे तिन्ही आहे. उत्तर आलं नाही तर आठवड्याने एकदाच आठवण करा. कॉलेजचा व्हॉट्सॲप ग्रुप, जुने मॅनेजर, क्लायंटकडचे लोक, आधीच नोकरी बदललेले सहकारी, या सगळ्यांची यादी काढली तर सहज ३०–४० नावं निघतात.

पायरी ७: फोनवरून इंटरव्ह्यू

व्हिडिओ इंटरव्ह्यू फोनवरून देत असाल तर फोन आडवा, डोळ्यांच्या उंचीवर आणि हातात न धरता ठेवा. डू नॉट डिस्टर्ब चालू करा, चार्जर लावा, वायफाय गेलं तर डेटा आहे का बघा. खिडकी पाठीमागे नको, समोर हवी. आदल्या दिवशी मित्राला व्हिडिओ कॉल करून आवाज तपासा.

"नोकरी का सोडली?" हा प्रश्न येणारच. उत्तर दोन वाक्यांत द्या: "कंपनीने आमचा विभाग बंद केला, त्यात आमच्या टीममधल्या बऱ्याच जणांची नोकरी गेली. तिथे मी अमुक काम करत होतो आणि तेच पुढे करायचं आहे." जुन्या कंपनीला नावं ठेवू नका, लांबण लावू नका.

पगाराबद्दल विचारल्यावर घाईत "काहीही चालेल" म्हणू नका. दर महिन्याला घरात किमान किती लागतात तो आकडा आधी काढा आणि त्या खाली उतरायचं की नाही हे शांतपणे घरी बसून ठरवा, कॉलवर नाही.

सावधान: नोकरीच्या नावाखाली फसवणूक

नोकरी शोधणाऱ्याचा नंबर, ईमेल आणि गरज तिन्ही गोष्टी उघड असतात. म्हणूनच फसवणारे नेमके अशांनाच गाठतात. हे प्रकार ओळखा:

रजिस्ट्रेशन फी किंवा लॅपटॉप डिपॉझिट: नामांकित कंपनीचा लोगो असलेलं ऑफर लेटर येतं आणि "रिफंडेबल" रक्कम भरायला सांगतात. लक्षात ठेवा, नोकरी देण्यासाठी कोणतीही खरी कंपनी उमेदवाराकडून पैसे घेत नाही.

१० रुपयांची लिंक: फी अगदी किरकोळ असते, पण त्या पानावर कार्डची माहिती आणि ओटीपी चोरला जातो.

टास्कचं काम: टेलिग्रामवर व्हिडिओ लाइक करायचे, हॉटेलला रेटिंग द्यायचं. सुरुवातीला १५०–२०० रुपये खरंच मिळतात. मग "प्रीपेड टास्क"साठी पैसे भरायला लावतात आणि ते पैसे परत येत नाहीत.

ॲप डाउनलोड: इंटरव्ह्यूसाठी एपीके फाइल किंवा स्क्रीन शेअर करणारं ॲप टाकायला सांगतात. प्ले स्टोअरच्या बाहेरचं काहीही टाकू नका.

बँक खातं भाड्याने: "तुमच्या खात्यावर पैसे येतील, कमिशन कापून पुढे पाठवा." हे चोरीचे पैसे असतात. खातं गोठतं आणि पोलीस तुमच्या दारात येतात.

परदेशातली डेटा एंट्री: थायलंडमध्ये नोकरी असं सांगून तरुणांना म्यानमारमधल्या सायबर फसवणुकीच्या अड्ड्यांवर नेलं जातं. मार्च २०२५ मध्ये भारत सरकारने हवाई दलाच्या विमानांनी अशा ५०० हून जास्त भारतीयांना परत आणलं. परदेशी नोकरी असेल तर एजंट ई-मायग्रेट पोर्टलवर नोंदणीकृत आहे का ते आधी तपासा. टुरिस्ट व्हिसावर "तिथे गेल्यावर बघू" म्हणणारा एजंट टाळा.

ऑफर खरी आहे का हे तपासायला कंपनीच्या अधिकृत साइटवरच्या करिअर पानावर ती जागा आहे का बघा, ईमेल कंपनीच्या डोमेनवरून आलाय की साध्या जीमेलवरून ते बघा, आणि साइटवर दिलेल्या नंबरवर फोन करून विचारा. मेसेजमधल्या नंबरवर नाही.

पैसे गेलेच तर लाजून गप्प बसू नका. लगेच १९३० वर कॉल करा आणि सायबरक्राइम डॉट गव्ह डॉट इन या पोर्टलवर तक्रार नोंदवा. जितक्या लवकर कळवाल, तितकी रक्कम मध्येच थांबवली जाण्याची शक्यता जास्त. फक्त संशयास्पद कॉल किंवा मेसेज आला असेल, तर संचारसाथी पोर्टलवरच्या चक्षूमध्ये कळवता येतं.

रोजचं वेळापत्रक कसं ठेवायचं?

गुगल शीट्समध्ये साधा तक्ता करा: कंपनी, पद, अप्लाय केल्याची तारीख, कोणामार्फत, सद्यस्थिती, पुढचा फॉलोअप. रोज ५० ठिकाणी डोळे मिटून क्लिक करण्यापेक्षा ५–६ ठिकाणी नीट बघून अप्लाय करा. दोन आठवड्यांनी तक्ता बघा. कॉलच येत नसतील तर सीव्हीत किंवा पद निवडण्यात गडबड आहे. कॉल येतात पण पुढे जात नसेल तर तयारी वाढवायला हवी. काय सुधारायचं ते हा तक्ताच सांगतो.

उरलेल्या वेळात एकच स्किल घ्या, दहा नाही. स्वयम आणि स्किल इंडिया डिजिटल हबवर बरेच कोर्स मोफत आहेत.

घरी लवकर सांगा. रोज बॅग घेऊन बाहेर पडून दिवस काढणारे लोक आहेत, आणि त्यात पैसे आणि मन दोन्ही झिजतं. घरच्यांना कळलं की खर्च आवरायला त्यांचीही मदत होते. ईएमआय चुकण्याआधी बँकेला भेटा आणि झटपट कर्ज देणाऱ्या अनोळखी ॲप्सपासून लांब राहा. झोप उडाली, काही सुचेनासं झालं, तर टेली-मानसच्या १४४१६ या मोफत नंबरवर चोवीस तास बोलता येतं, मराठीतही.

नेहमी विचारले जाणारे प्रश्न

ले-ऑफ झाल्याचं लपवावं का?
नाही. ले-ऑफ हा दोष नाही, पण खोटी तारीख हा दोष ठरतो. मिळालेली ऑफर त्यावरून रद्द होऊ शकते.

रिलीव्हिंग लेटर मिळालंच नाही तर?
एचआरला ईमेलने दोनदा मागा आणि त्या ईमेलची कॉपी जपा. नवीन कंपनीला तो पत्रव्यवहार, पगाराच्या स्लिप, बँक स्टेटमेंट आणि पीएफची सर्व्हिस हिस्ट्री दाखवता येते. अनेक ठिकाणी तेवढ्यावर काम होतं.

त्याच आर्थिक वर्षात नवीन नोकरी लागली तर टॅक्सचं काय?
आधीच्या कंपनीतला पगार आणि कापलेला टीडीएस नवीन कंपनीला कळवा. नाहीतर दोन्हीकडे करमाफीची मर्यादा वेगवेगळी धरली जाते आणि रिटर्न भरताना एकदम मोठा टॅक्स अंगावर येतो.

सॅलरी अकाउंट तसंच ठेवलं तर चालेल का?
काही महिने पगार जमा झाला नाही की बँक ते साध्या बचत खात्यात बदलते आणि मिनिमम बॅलन्सचा नियम लागू शकतो. बँकेत विचारून घ्या.

पैसे भरून सीव्ही वर आणून देणाऱ्या सेवा घ्याव्यात का?
जॉब साइट्सच्या अशा अधिकृत सेवा असतात, पण त्यात नोकरीची हमी नसते. "पैसे भरा, नोकरी पक्की" असं कोणी म्हणालं तर फोन ठेवा.

थोडक्यात

पहिल्या दिवशी कागदपत्रं आणि मोबाइल नंबर सांभाळा. पहिल्या आठवड्यात सेटलमेंट, विमा आणि पीएफची माहिती घ्या. मग सीव्ही, प्रोफाइल आणि ओळखीच्या लोकांना मेसेज. आणि शेवटपर्यंत एक गोष्ट धरून ठेवा: नोकरीसाठी कोणालाही पैसे द्यायचे नाहीत.

तुमच्या मित्राचा किंवा मैत्रिणीचा जॉब नुकताच गेला असेल तर हा लेख आजच पाठवा. यातली पहिली पायरी करायला त्यांच्याकडे कदाचित एकच दिवस असेल.